देवाचा पैसा कुणाच्या नावावर? मून, किंग आणि छळाची तक्रार

खतावणी

मागच्या आठवड्यात नात्यातल्या एकाने एक मजकूर पाठवला. एका महाराजांच्या संस्थेला आयकर खात्याची नोटीस आली आहे, हा श्रद्धेवर घाला आहे, सर्वांनी एकत्र या. मी त्याला फोन करून विचारलं, नोटीस कसली आहे? कोणत्या वर्षाची? त्याला ठाऊक नव्हतं. त्यांच्या गटात दोनशेच्या वर माणसं, त्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. छळ होतोय याची खात्री मात्र सगळ्यांना होती.

संस्थेचं नाव घेत नाही, कारण ती नोटीस मीही वाचलेली नाही. पण बावीस वर्षं देवस्थानांचे आणि लहानमोठ्या ट्रस्टचे हिशेब तपासतोय, त्यामुळे हा विषय डोक्यातून जात नाही. सरकारने आकसाने पाठ धरली का, हा एक प्रश्न. कर चुकवला का, हा दुसरा. आपण दोन्हींची गाठ मारून टाकतो. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं म्हणून दुसऱ्याचं आपोआप 'नाही' होत नाही.

या बाबतीत मी पुन्हा पुन्हा वाचलेला खटला अमेरिकेतला आहे, सन म्युंग मून यांचा. दक्षिण कोरियाचे हे धर्मगुरू, युनिफिकेशन चर्चचे संस्थापक. अनुयायी त्यांना मसीहा मानत. सत्तरच्या दशकात त्यांनी अमेरिकेत बस्तान बसवलं. विशीतली मुलं घरदार सोडून त्यांच्याकडे जाऊ लागली, रस्त्यावर फुलं विकून पैसा उभा करू लागली, आणि आईबापांच्या पोटात गोळा आला. १९७८ मध्ये अमेरिकी संसदेतल्या डोनाल्ड फ्रेझर यांच्या समितीने त्यांच्या संघटनेची चौकशी करून अहवाल दिला आणि सरकारी यंत्रणांनी मिळून पुढचा तपास करावा असं सुचवलं. म्हणजे वातावरण विरोधात होतं, हे आधीच मान्य करून पुढे जाऊ.

ऑक्टोबर १९८१ मध्ये आरोपपत्र आलं. न्यूयॉर्कच्या चेस मॅनहॅटन बँकेत मून यांच्या स्वतःच्या नावावर खाती होती आणि त्यांत सुमारे १६ लाख डॉलर होते. १९७३ ते १९७५ या तीन वर्षांत त्यावर एक लाख डॉलरहून जास्त व्याज आलं. शिवाय टाँग इल नावाच्या कंपनीचे ५० हजार डॉलरचे शेअर त्यांच्या नावावर झाले. यातलं काहीच त्यांच्या विवरणपत्रात नव्हतं. मून यांचं उत्तर असं की पैसा चर्चचा, मी फक्त सांभाळणारा.

न्यूयॉर्कच्या न्यायालयाबाहेर, फोली चौकात, त्यांनी समर्थकांपुढे भाषण केलं. माझी कातडी गोरी असती आणि धर्म प्रेस्बिटेरियन (तिथला एक प्रस्थापित ख्रिस्ती पंथ) असता तर आज मी इथे उभा नसतो, असं ते म्हणाले. १८ मे १९८२ रोजी ज्यूरीने दोषी ठरवलं, जुलैत १८ महिने कैद आणि २५ हजार डॉलर दंड झाला. अपिलात निकाल कायम राहिला, मे १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि २० जुलै १९८४ रोजी ते कनेटिकटमधल्या डॅनबरी तुरुंगात दाखल झाले.

आता मला खिळवून ठेवणारी गोष्ट. पैसा चर्चचा होता हे दाखवायला त्यांच्या बाजूने करारपत्रं आणि एक खतावणी पुढे आली. सरकारी बाजूने त्या कागदांवरच्या तारखा न वाचता कागद वाचला. चांगला कागद उजेडासमोर धरला की गिरणीचं जलचिन्ह दिसतं. त्यातल्या काही करारपत्रांवर जी तारीख होती त्या तारखेला तो कागद गिरणीतून बाहेरच पडलेला नव्हता. दस्तऐवज मागच्या तारखेने केलेले होते. म्हणून मून यांच्यावर खोट्या विवरणपत्रांच्या जोडीला कटाचाही आरोप सिद्ध झाला. त्यांचे आर्थिक सल्लागार ताकेरू कामियामा यांना खोटी साक्ष दिल्याबद्दलही शिक्षा झाली.

आपल्याकडे किती ट्रस्टच्या ठराववहीत मागच्या तारखेचे ठराव एका बैठकीत, एकाच शाईने लिहिलेले मी पाहिलेत! म्हणून हा तपशील वाचताना अंगावर काटा आला.

जर्सीकर

धागा चांगला आहे, पण खतावणी, तुम्ही दुसरी बाजू दोन ओळींत उरकलीत. मी इथे अमेरिकेत तेहतीस वर्षं आहे. मला मून यांच्या पंथाबद्दल काडीचं प्रेम नाही. आमच्या शेजारच्या कुटुंबातली मुलगी त्यात गेली होती आणि ती आई रोज संध्याकाळी दाराशी उभी राहायची, ते मी पाहिलं आहे. तरीही हा खटला निखळ कराचा होता असं म्हणवत नाही.

रक्कम पाहा. बचाव करणाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे तीन वर्षांचा मिळून बुडालेला कर आठ हजार डॉलरच्याही आत होता. एवढ्यासाठी दुसऱ्या कुणाला तुरुंगात धाडलं असतं का? मून यांनी ज्यूरी नको, न्यायाधीशांनीच निकाल द्यावा अशी मागणी केली होती. नावाला एवढी बदनामी चिकटलेली असताना बारा निःपक्षपाती माणसं कुठून आणायची, हा त्यांचा मुद्दा होता. सरकारने संमती दिली नाही. अपील न्यायालयात तिघांपैकी एक न्यायाधीश, ओक्स, बहुमताशी सहमत नव्हते.

आणि पाठीशी कोण उभं राहिलं ते बघा. नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसच्या एका आयोगाने १९७७ मध्ये मून यांची शिकवण ख्रिस्ती म्हणता येत नाही असं जाहीर केलं होतं. तीच संस्था सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने निवेदन घेऊन गेली. नागरी स्वातंत्र्यासाठी लढणारी संघटना गेली, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी स्थापलेली सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्स गेली. पटत नसलेल्या माणसासाठी इतकी मंडळी उगाच उभी राहत नाहीत. पाद्री आपल्या नावावर मंडळीचा पैसा ठेवतात ही इथली जुनी रीत आहे, आणि आज मून तर उद्या आपण, ही भीती त्यांना खरी वाटली. सिनेटर ऑरिन हॅच यांनी १९८४ मध्ये समितीपुढे सुनावणी घेतली, मून यांचं म्हणणं ऐकलं आणि अन्याय झाला असंच मत मांडलं.

कोर्टकचेरी

जर्सीकर, ज्यूरीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं, पण कारणही सांगायला हवं. फोली चौकातल्या भाषणात मून यांनी सरकारी वकिलांवर वंशद्वेषाचा आणि धर्मद्वेषाचा जाहीर आरोप केला. सरकारचं म्हणणं पडलं की असा आरोप झाल्यावर निकाल लोकांमधून निवडलेल्या ज्यूरीनेच द्यावा, म्हणजे कुणाला शंका घ्यायला जागा राहणार नाही. आम्ही बोललो म्हणून सूड उगवला, अशी तक्रार मून यांच्या वकिलांनी अपिलात केली. ती टिकली नाही. छळाची जाहीर तक्रार करताना खटल्यात तिचे काय परिणाम होतील हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं, असं मला वकील म्हणून वाटतं.

आणखी एक गोष्ट या चर्चेत कायम राहून जाते. दोषी ठरण्याच्या बारा दिवस आधी, ६ मे १९८२ रोजी, न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने याच चर्चच्या बाजूने निकाल दिला होता. न्यूयॉर्क शहराने त्यांच्या मिळकतींना करमाफी नाकारली होती. तुमचं काम राजकीय आणि आर्थिक आहे, धार्मिक नाही, असं शहराचं म्हणणं. न्यायालयाने सांगितलं की एखाद्या पंथाच्या शिकवणीत धर्म किती आणि राजकारण किती हे मोजत बसणं आमचं काम नाही. पंथ प्रामाणिकपणे जे धार्मिक मानतो ते आम्ही धार्मिक धरू. करमाफी मिळाली.

एकाच पंथाला, एकाच राज्यात, एकाच महिन्यात दोन निकाल. संस्थेच्या श्रद्धेला हात लावला नाही, व्यक्तीच्या विवरणपत्राला लावला. छळ म्हणताना हा मे महिना विसरू नये.

तरी ओक्स यांचं मतभेदाचं निकालपत्र मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला देतो. पैसा नावावर असणं आणि पैसा आपला असणं यांतला फरक ज्यूरीला नीट समजावला होता का, ही शंका अजून पूर्ण फिटत नाही.

पायरी

माझा प्रश्न अगदी साधा आहे, राग मानू नका. चर्चला तिथे करच नसतो ना? मग ते खातं चर्चच्या नावावर असतं तर व्याजावर शून्य कर लागला असता. मग एवढं सगळं का केलं?

खतावणी

पायरीताई, प्रश्न साधा आहे आणि सगळ्यात नेमका आहे. चर्चच्या नावावर खातं असतं तर त्या व्याजावर कर नव्हता. पण चर्चच्या नावावर असलेला पैसा वापरायला कुणाची तरी परवानगी लागते, ठराव लागतो, हिशेब दाखवावा लागतो. स्वतःच्या नावावर असला की नुसती सही पुरते. सरकारी बाजूचा सगळा भर यावरच होता, की त्या पैशावर मून यांचा ताबा स्वतःच्या पैशासारखा होता आणि त्यातून घरचेही खर्च होत. नावाचा फायदाही हवा आणि संस्थेची सवलतही हवी, हे एकाच वेळी होत नाही. ट्रस्टींना मी दरवर्षी हेच समजावतो.

जर्सीकर, रकमेबद्दल तुमचं म्हणणं मी मानतो. आठ हजारांसाठी कोणी तुरुंगात जात नाही. पण बनावट कागदासाठी जातो.

आता किंग यांच्याबद्दल. मून यांच्यासाठी किंग यांची संघटना उभी राहिली याला मोठा इतिहास आहे. मार्टिन ल्यूथर किंग हे पाद्री होते, आणि त्यांच्यावरही कराचाच खटला झाला होता. फेब्रुवारी १९६० मध्ये त्यांना अटलांटात अटक झाली. १९५६ आणि १९५८ ची अलाबामा राज्याची विवरणपत्रं खोटी भरली, शपथेवर खोटं सांगितलं, असा आरोप. करविवरणातल्या खोट्या शपथेसाठी गंभीर गुन्ह्याचा खटला अलाबामाने त्याआधी कुणावरच चालवला नव्हता. वर्णभेदाविरुद्धचा माँटगोमरीचा बसबहिष्कार जिंकून तीन वर्षं झाली होती. हा छळ होता, यात मला तरी तिळमात्र शंका नाही.

आरोपाचं स्वरूप बघा. किंग भाषणांसाठी देशभर फिरत. लोक प्रवासखर्च देत, तो पैसा त्यांच्या खात्यात जमा होई. राज्याने खात्यातली सगळी जमा उत्पन्न म्हणून धरली. किंग यांना हे मनाला फार लागलं. अटकेपेक्षाही, आपण लोकांचे पैसे खाल्ले असं कुणाला वाटेल, याचं ओझं त्यांना जास्त होतं.

त्यांचा बचाव ज्यावर उभा राहिला त्या होत्या छोट्या रोजनिश्या. दौऱ्यावर कुठे गेलो, तिकिटाला किती, जेवणाला किती, हे ते टिपून ठेवत. मून यांच्या खतावणीसमोर या रोजनिश्या ठेवून बघा. ज्या दिवशी खर्च झाला त्याच दिवशी लिहिलेल्या. राज्याचा जो हिशेब तपासनीस सरकारी साक्षीदार म्हणून आला त्यानेच उलटतपासणीत मान्य केलं की फसवणुकीचा पुरावा सापडलेला नाही असं आपण स्वतः किंग यांना सांगितलं होतं. २८ मे १९६० रोजी माँटगोमरीत, बाराच्या बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने किंग यांना निर्दोष सोडलं. अलाबामात, १९६० मध्ये. मी हे वाक्य लिहिताना अजून थांबतो.

याच खटल्याचा खर्च उभा करायला समर्थकांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात दिली होती. त्या जाहिरातीवरून बदनामीचा दावा झाला, आणि १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वृत्तपत्रांच्या बाजूने जो निकाल दिला त्यावर तिथलं वृत्तपत्रस्वातंत्र्य आजही उभं आहे. एका कराच्या खटल्याची शाखा कुठवर पोचली!

वारीचा_वाटसरू

आपण सगळे हिशेबाची माणसं दिसता. मी भक्त माणूस आहे, थोडं माझंही ऐका.

आमच्या मठात काही वर्षांपूर्वी तपासणी झाली. गाव, मठ, खातं काहीच सांगत नाही. सकाळची काकडआरती चालू होती. पंधरा-वीस माणसं आली. त्यांच्याकडे रीतसर वॉरंट होतं, आमच्या वकिलांनी नंतर तसंच सांगितलं. पण त्यातले दोघे बूट घालून सभामंडपात आले आणि समाधीच्या कोनाड्यातला पितळी डबा उघडून त्यांनी पायरीवर ओतला. त्यात बेलफळाची पूड होती, अंगारा होता, आणि जुन्या गुरुमाउलींच्या रुद्राक्षाचे सुटलेले मणी होते. मणी घरंगळत अंगणात गेले. सत्तर वर्षांच्या आमच्या आत्याबाई ते गुडघ्यांवर बसून वेचत होत्या.

नंतर हिशेबात चूक निघाली. निघाली, नाकारत नाही. भोजनखर्चाच्या पावत्या नव्हत्या, एका विश्वस्ताच्या गाडीचा हप्ता मठातून जात होता. तो विश्वस्त गेला, कर भरला. पण तुम्ही मला विचाराल की छळ झाला का, तर मला ते मणी दिसतात. दोनशे माणसांना नोटीस ठाऊक नसते हे खरं. त्यांना असं काहीतरी ठाऊक असतं.

खतावणी

वाटसरू, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या पहिल्या लिखाणात हे नव्हतं, ते असायला हवं होतं. तपासणी कायदेशीर असूनही अपमानकारक असू शकते, आणि त्याची तक्रार वेगळी, ठामपणे व्हायला हवी. तुम्ही मात्र गाडीचा हप्ताही सांगितलात आणि मणीही सांगितलेत. दोन्ही एकत्र सांगणारा भक्त मला क्वचित भेटला आहे. आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा.

जर्सीकर

वाटसरूंचं वाचून अमिश या ख्रिस्ती पंथाचे लोक आठवले. आमच्याकडून गाडीने दोनेक तासांवर पेनसिल्व्हेनियात त्यांची वस्ती आहे. ते वीज, मोटार टाळतात, घोड्यांनी शेती करतात. सरकारी वृद्धापकाळ विम्याचा कर भरायला त्यांचा धर्माने विरोध. म्हाताऱ्यांना सांभाळणं हे समाजाचं काम, विमा घेणं म्हणजे देवावर अविश्वास, असं ते मानतात. बाकीचे सगळे कर मुकाट्याने भरतात.

व्हॅलेंटाइन बायलर नावाच्या अमिश शेतकऱ्याने हा कर भरला नाही. १९६१ च्या वसंतात तो शेत नांगरत असताना करखात्याची माणसं आली आणि औताचे तीन घोडे सोडून घेऊन गेली. लिलावात विकले. ऐन नांगरटीच्या दिवसांत. देशभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलली आणि लोक हळहळले. चार वर्षांनी, १९६५ मध्ये, स्वतंत्र काम करणाऱ्या अमिशांना संसदेने त्या करातून सूट दिली. पुढे एका अमिश सुताराने आपल्या अमिश कामगारांसाठीही सूट मागितली, १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, आणि १९८८ मध्ये संसदेने तीही दिली.

बायलरने काहीही लपवलं नव्हतं. कर देणार नाही असं तोंडावर सांगितलं आणि घोडे नेले तेव्हा हात उगारला नाही. श्रद्धेसाठी कर नाकारणं आणि श्रद्धेचं नाव सांगून कर चुकवणं यांत मला इथे फरक दिसतो. मून यांच्याबद्दलचं माझं मत मी अजून बदललेलं नाही, हेही सांगून ठेवतो.

कोर्टकचेरी

याच्या अगदी उलट टोकाला फ्लोरिडातल्या पेन्साकोलाचे केंट होविंड. उत्क्रांतीविरोधी प्रचारक, डायनासोरचं उद्यान चालवत. उद्यानातल्या कामगारांना ते पगारी नोकर न म्हणता सेवक म्हणत आणि त्यांच्या पगारातून कापून भरायचे कर भरत नसत. सगळं देवाचं आहे, माझ्याकडे काहीच नाही, हा पवित्रा. दुसरीकडे बँकेतून रोकड काढताना प्रत्येक वेळी १० हजार डॉलरच्या आत, कारण त्याच्या वर गेलं की बँक सरकारला कळवते. नोव्हेंबर २००६ मध्ये ५८ आरोपांवर दोषी, जानेवारी २००७ मध्ये दहा वर्षं कैद. ज्याचं सगळं देवाचं आहे त्याला बँकेची मर्यादा इतकी काटेकोर का पाळावी लागते, एवढाच प्रश्न ज्यूरीपुढे होता असं मी म्हणेन.

मुळामुठा

पुण्याचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो. रजनीशांचंही उदाहरण घ्यायला हवं ना? कोरेगाव पार्कातून १९८१ मध्ये गेले ते करखात्याच्या तगाद्यामुळे, असं आमच्याकडे लहानपणापासून ऐकलं आहे. पुढे अमेरिकेनेही छळलं.

कोर्टकचेरी

मुळामुठा, आश्रमाचा आणि करखात्याचा वाद होता. पण अमेरिकेत त्यांच्यावर जे सिद्ध झालं ते कराचं नव्हतं. ऑक्टोबर १९८५ मध्ये शार्लट विमानतळावर अटक, दोन आरोपांची कबुली, दोन्ही परदेशी नागरिकांच्या वास्तव्याच्या कायद्याखालचे, ४ लाख डॉलर भरले आणि देश सोडला. कोठडीत विषप्रयोग झाला असं ते पुढे सांगत राहिले. त्याच ओरेगॉनमध्ये त्यांच्या आश्रमातल्या माणसांनी १९८४ मध्ये द डॅल्स गावातल्या उपाहारगृहांमधल्या सॅलडवर साल्मोनेला जंतू टाकले आणि ७५१ माणसं आजारी पडली, हेही सिद्ध झालं आहे. तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे. इथे कराबद्दलच बोलू.

कृष्णाकाठ

मी एका लहान देवस्थानाचा विश्वस्त. अमेरिका वाचायला बरी वाटते, पण इथली अडचणही लिहायला हवी.

आमची हुंडी दोन महिन्यांनी उघडतो. दोन किल्ल्या, दोन विश्वस्तांकडे. तिसरा हजर नसेल तर उघडत नाही. सतरंजीवर ओतली की आधी तांदूळ, हळदीकुंकू, नारळाच्या शेंड्या बाजूला काढायच्या. नोटा कुंकवाने चिकटलेल्या असतात, त्या हलक्या हाताने सोडवाव्या लागतात, ओढली की फाटते. नाणी चाळणीने वेगळी. शाळेची दोन मुलं मोजायला, गावातली दोन म्हातारी माणसं बघायला. पंचनाम्यावर पाच सह्या. दुसऱ्या दिवशी पैसे बँकेत. त्यातून एक रुपयाही आधी खर्च करायचा नाही, फुलवाल्याचासुद्धा.

एवढं करून आमचं नोंदणीचं नूतनीकरण एकदा फेटाळलं गेलं. कारण काय, तर ऑनलाइन अर्जात चुकीचा रकाना निवडला. अर्ज इंग्रजीत, आमचे सचिव सातवी पास. सूट गेली असती तर वर्षाच्या सगळ्या देणगीवर कर बसला असता. अपील केलं, सुटलो. पण ते चार महिने झोप नव्हती. मोठ्या संस्थांना वकिलांची फौज असते. छळ हा शब्द वापरायचा अधिकार कुणाला असेल तर आमच्यासारख्यांना, पण आमचा मोर्चा निघत नाही.

दुसरं, गुप्तदानाचं कुणीतरी नीट समजावून सांगा. हुंडीत टाकणाऱ्याचं नाव आम्ही कुठून आणणार?

खतावणी

कृष्णाकाठ, तुमची हुंडी उघडायची पद्धत मी माझ्या सगळ्या ट्रस्टना वाचून दाखवणार आहे. नाव न घेता.

गुप्तदान थोडक्यात सांगतो. कायद्यात निनावी देणगीवर ३० टक्के दराची तरतूद आली ती काळा पैसा शिक्षणसंस्था आणि रुग्णालयांच्या ट्रस्टमधून फिरतो म्हणून. पूर्णपणे धार्मिक ट्रस्टला ती लागत नाही. धार्मिक आणि धर्मादाय अशा दोन्ही कामांच्या ट्रस्टलाही लागत नाही, मात्र देणगी खास त्या ट्रस्टच्या शाळेसाठी किंवा दवाखान्यासाठी म्हणून दिलेली असेल तर लागते. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाबद्दल खात्याचं म्हणणं होतं की हे फक्त धर्मादाय आहे, म्हणून हुंडीवर कर द्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संस्थान दोन्ही प्रकारचं आहे असं मानून संस्थानाच्या बाजूने निकाल दिला. संस्थान मोर्चा न काढता अपिलात लढलं आणि जिंकलं.

आणि ज्यांना वाटतं की देवाला कर विचारणं हीच विटंबना, त्यांच्यासाठी एक जुना निकाल. आपला कायदा देवतेला कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानतो. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तसं असेल तर देवतेच्या उत्पन्नावर सेवायतामार्फत, म्हणजे देवतेची मालमत्ता सांभाळणाऱ्यामार्फत, कर आकारणीही होऊ शकते. मला यात विटंबना दिसत नाही. देवाची मालमत्ता देवाचीच आहे, पुजाऱ्याची किंवा महाराजांची नाही, हे मान्य केल्याशिवाय तो निकाल देताच आला नसता.

पायरी

खतावणीकाका, तुम्ही म्हणालात की हा विषय डोक्यातून जात नाही. काही घडलं होतं का? सांगायचं नसेल तर राहू द्या.

खतावणी

घडलं होतं, आणि घरातच. सांगतो.

माझे सख्खे काका आमच्या गावच्या ग्रामदैवताच्या देवळाचं काम बघत. जीर्णोद्धाराची वर्गणी जमली तेव्हा ट्रस्टचं पॅन कार्ड नव्हतं, बँक खातं उघडेना. काकांनी पैसे आपल्या बचत खात्यात ठेवले आणि तिथून स्वतःच्या नावावर मुदत ठेव केली. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कुणालाच वावगं वाटलं नाही. काका स्वतः चहासुद्धा देवळाच्या पैशातून पीत नसत. पण ठेव काकांच्या नावावर, व्याज काकांच्या नावावर, आणि त्यांच्या विवरणपत्रात ते नाही. चौथ्या वर्षी नोटीस आली.

काका ओसरीवर बसून होते. हातातला कागद थरथरत होता. म्हणाले, "आयुष्यभर देवाचं केलं, आता मला चोर ठरवतात. आपला धर्म यांना बघवत नाही." तोवर दोन तरुण पोरं फलक रंगवायला निघाली होती.

त्याच संध्याकाळी शेजारच्या एका जाणत्या माणसाने सुचवलं, की चार वर्षांपूर्वीच्या तारखेचा एक ठराव लिहून टाका, विश्वस्तांच्या सह्या घ्या, की हे पैसे ट्रस्टच्या वतीने काकांकडे ठेवले आहेत. गोष्ट खरीही होती. ठेवले तसेच होते. फक्त ठराव तेव्हा लिहिला नव्हता. काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझं नुकतंच लग्न झालेलं, वय तिशीच्या आत, समोर वडीलधारे. मी मून यांचा खटला तेव्हा वाचलेला नव्हता. तरी मी म्हणालो, "काका, हे नको. खरं आहे ते खऱ्या तारखेने लिहू." त्या रात्री कुणी माझ्याशी धड बोललं नाही. काकू तेवढ्या ताट वाढायला आल्या.

आजच्या तारखेचं प्रतिज्ञापत्र केलं. वर्गणीच्या पावतीपुस्तकांची स्थळप्रत, पाथरवटाच्या बिलांची फाइल, बँकेचे उतारे जोडले. काकांनी देवळाच्या वहीत जी रोजची नोंद ठेवली होती, निळ्या पेनाने, वाळूच्या ट्रकपासून कळसाच्या सोन्याच्या वर्खापर्यंत, ती घेऊन आम्ही अधिकाऱ्यांपुढे बसलो. त्यांनी ती वही तासभर उलटून पाहिली. मुद्दल देवळाचं आहे हे मानलं. व्याजावरचा कर आणि त्यावरचं व्याज भरायला सांगितलं, दंड लावला नाही. काकांनी रक्कम स्वतःच्या पेन्शनमधून भरली, गावाने देऊ केलेली घेतली नाही. मग ट्रस्टचं पॅन काढलं, खातं उघडलं, ठेव वळती केली.

पुढच्या जत्रेत, पालखी उठायच्या आधी, काकांनी माइकवर नोटिशीपासून पावतीपर्यंत सगळं वाचून दाखवलं. आवाज दोनदा अडकला. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, देऊळ चढवत नाही. पण हुंडी उघडायची असली की त्यांच्याकडची किल्ली आणायला अजून कुणीतरी घरी येतं, आणि ते पंचनाम्याची तारीख विचारल्याशिवाय ती देत नाहीत.